ठाण्याच्या खाडीचा डिजिटल नकाशासंग्रह : चिखल, स्मृती आणि विदा

खाडीकाठ (ऐरोली)

ठाणे आणि नवी मुंबईतील आम्ही काही जण ठाण्याच्या खाडीचा एक डिजिटल नकाशासंग्रह करण्याच्या विचारात आहोत. आमच्यात भूगोलाच्या एक प्राध्यापिका, एक निवृत्त भूमापक, काही पक्षिनिरीक्षक आणि माझ्यासारखे हौशी इतिहासवाचक आहेत. कामाला हात घालण्यापूर्वी त्यामागचा विचार येथे मांडावा आणि जाणकारांकडून तो तपासून घ्यावा, म्हणून हा धागा काढत आहे. सॉफ्टवेअर कोणते वापरावे, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. आपण नेमके काय टिपणार आहोत, हे आधी ठरायला हवे.

डिजिटल मानव्यविद्या, म्हणजे भाषा, साहित्य, इतिहास यांचा संगणकाच्या साहाय्याने केलेला अभ्यास, हे नाव अलीकडचे असले तरी संगणक आणि मानव्यविद्या यांची गाठ जुनी आहे. रॉबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट पाद्र्यांनी १९४९ च्या सुमारास आय.बी.एम.च्या साहाय्याने थॉमस अक्वायनसच्या लॅटिन ग्रंथांची शब्दसूची पंचकार्डांवर करायला घेतली, तेथून ही परंपरा मोजण्याचा प्रघात आहे. पुढे कित्येक दशके या विद्येचे मुख्य लक्ष ग्रंथांवर आणि दस्तऐवजांवर राहिले. जी.आय.एस. (संगणकावर नकाशे आणि स्थळांची माहिती जोडणारी प्रणाली) प्रचारात आल्यावर तिच्यात जागेचा प्रवेश झाला आणि पर्यावरणाचा त्याहूनही उशिरा. या क्रमामुळे जागेकडेसुद्धा दस्तऐवजासारखे पाहण्याची सवय लागली, असे माझे मत आहे. एक स्थळ, एक नाव, एक अक्षांश-रेखांश आणि त्याखाली एक टिपण, एवढ्यात काम उरकते. देवळे, किल्ले आणि शिलालेख यांच्या बाबतीत हे चालून जाते. मासुंदा तलावाकाठचे कोपिनेश्वराचे देऊळ दाखवायचे तर एक टिंब पुरते. शिलाहारांच्या लेखांतले श्रीस्थानक म्हणजे आजचे ठाणे, हेही एका टिंबात सांगता येते. खाडी मात्र टिंबात मावत नाही, आणि खरे सांगायचे तर रेषेतही मावत नाही.

अभयारण्याचेच उदाहरण घेऊ. २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर जलक्षेत्र असे विभागून दिले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा जाहीर झाला आणि त्या नोंदीतील क्षेत्र ६,५२१ हेक्टर आहे. हे आकडे प्रशासनाला आवश्यकच आहेत. पण ज्याला जलक्षेत्र म्हटले आहे त्याचा मोठा भाग ओहोटीला उघडा चिखल असतो, आणि रोहित (फ्लेमिंगो) पक्षी येतात ते त्या चिखलावर आणि त्यालगतच्या उथळ पाण्यात पोट भरण्यासाठी. किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१ पासूनच्या अधिसूचनाही भरतीची उच्चतम रेषा धरून अंतरे मोजतात. कायद्याला रेषा लागते, हे समजण्यासारखे आहे. अभ्यासानेही रेषेवरच थांबावे, हे पटत नाही.

खाडीकाठच्या माणसांनी या बदलत्या जागेचा हिशेब आपल्या परीने ठेवलेला आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा ठोकताळा कोकण किनाऱ्यावर सर्वत्र माहीत आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, याप्रमाणे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. या हिशेबात जागा आणि वेळ वेगळ्या काढता येत नाहीत. आपल्या नकाशासंग्रहाला हे साधेल का, खाजणे, मिठागरे, खारबांध, मासेमारीच्या जागा आणि पक्ष्यांच्या नोंदी एकत्र आणताना त्यांच्यातली वेळ गळून पडणार नाही असे काही करता येईल का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. हा संग्रह कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ताब्यात असावा, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर माझ्यापाशी तयार नाही.

आलेख (ठाणे पश्चिम)

खाडीकाठ यांनी दिलेला तिथीचा ठोकताळा उपग्रहांच्या प्रतिमांना लावून पाहावा, असे मी सुचवतो. त्यातून निघणारी गोष्ट या धाग्याच्या मुळाशी जाते. जी.आय.एस. हा माझा व्यवसाय असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

खाडीतील बदल दाखवण्यासाठी बहुतेक अभ्यासक लँडसॅट आणि सेंटिनेल-२ या दोन मालिकांच्या प्रतिमा वापरतात. लँडसॅटच्या प्रतिमा १९७२ पासूनच्या आहेत आणि २००८ पासून विनामूल्य मिळतात. सेंटिनेल-२ चा पहिला उपग्रह २०१५ साली सोडला गेला आणि त्याच्या प्रतिमेतील एक ठिपका जमिनीवरच्या १० मीटरचा असतो. हे उपग्रह सूर्याशी मेळ राखणाऱ्या कक्षेत फिरतात, त्यामुळे आपल्या डोक्यावरून ते नेहमी साधारण एकाच वेळी, सकाळी अकराच्या आगेमागे जातात. सावल्या सारख्या पडाव्यात म्हणून ही योजना आहे. आता पाऊणपटीचा हिशेब करा. अकराच्या सुमारास पूर्ण भरती असते ती चतुर्दशी आणि पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी, म्हणजे उधाणाची. त्याच वेळी ओहोटी असते ती षष्ठी-सप्तमीच्या सुमारास, म्हणजे भांग जवळ आलेली असताना, जेव्हा पाणी फारसे उतरतच नाही. उधाणाची खोल ओहोटी मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावर पहाटे आणि संध्याकाळी, पाच ते सातच्या दरम्यान येते. तेव्हा हे उपग्रह येथे नसतात.

याचा अर्थ असा की खाडीचा सर्वांत खालचा चिखलपट्टा या प्रतिमांत कधीच उघडा दिसत नाही. पन्नास वर्षांच्या प्रतिमा एकावर एक रचल्या तरी तो दिसणार नाही, कारण ही उणीव प्रतिमांच्या संख्येची नसून त्यांच्या वेळेची आहे. शिवाय वेगवेगळ्या तिथींच्या दोन प्रतिमा शेजारी ठेवून चिखल वाढला किंवा कांदळवन घटले असे सांगणारी चित्रे समाजमाध्यमांवर फिरतात, त्यांतला काही फरक निव्वळ भरतीचा असू शकतो. ठाण्याच्या टोकाला भरती मुंबईच्या अपोलो बंदरापेक्षा उशिरा पोहोचते, ती दुरुस्तीही करावी लागते. म्हणून प्रत्येक प्रतिमेच्या मेटाडेटात (प्रतिमेविषयीच्या माहितीत) दिनांकाबरोबर तिथी आणि भरतीची स्थिती नोंदवावी, अशी माझी पहिली सूचना आहे. पंचांग हे मेटाडेटाचे साधन होऊ शकते, याची मला स्वतःला मौज वाटते.

दुसरी सूचना जुन्या प्रतिमांची. अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात हेरगिरीसाठी घेतलेल्या कोरोना उपग्रहांच्या प्रतिमा १९९५ साली खुल्या केल्या. त्यांच्या उत्तरकाळातील फिल्मवर दोन-तीन मीटरपर्यंतचा तपशील दिसतो, आणि नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च १९७० ची आहे. त्यामुळे शहर उभे राहण्याआधीची बांधबंदिस्ती या फिल्मवर ओळखता येण्याची आशा आहे. या प्रतिमा कडेला ताणलेल्या असतात, त्यांना आजच्या नकाशावर बसवण्यासाठी तेव्हाही होती आणि आजही आहेत अशी ठिकाणे लागतात. १९१६ च्या पारसिक बोगद्याची दोन्ही तोंडे, जुने तलाव आणि गावठाणांतली देवळे त्यासाठी उपयोगी पडतील.

राताभात (घणसोली)

आलेख यांनी लिहिलेला न दिसणारा चिखल आम्हांला चांगला माहीत आहे. उधाणाच्या ओहोटीला त्यात उतरून निवट्या (चिखलातले मासे) आणि चिंबोऱ्या धरणारी माणसे आमच्या गावठाणात अजूनही आहेत. त्यांच्याकडे तुमच्या संग्रहातली ही पोकळी भरण्याचे साधन म्हणून पाहू नये, एवढ्यासाठी लिहीत आहे.

आमचे घराणे खारजमीन कसणारे. बांध घालून खाडीचे पाणी अडवायचे, पावसाच्या पाण्याने माती धुऊन घ्यायची आणि त्यात खारे सोसणारा लाल भात लावायचा, अशी ती शेती होती. आमचे वडीलधारे त्याला राता म्हणत. क्षारसहिष्णू भाताच्या वाणांच्या याद्यांत काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० ही नावे आजही सापडतात. वाण यादीत आहे आणि शेताच्या जागी सेक्टर आहे. बांधात पाणी सोडण्या-अडवण्यासाठी उघाडी असे. ओहोटीला उघाडी सोडून आतले पाणी बाहेर जाऊ द्यायचे आणि भरतीला बंद ठेवायची, ही जबाबदारी ठरलेली असायची. बांधाला खांड पडली तर सगळ्यांनी मिळून ती बुजवायची, कारण एकाची खांड म्हणजे साऱ्या खाराचे नुकसान.

आता माझी हरकत. अशा प्रकल्पांच्या प्रास्ताविकात नोंद नसलेल्या समाजाची नोंद करण्याची भाषा नेहमी येते. नवी मुंबईसाठी ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन अधिसूचित झाली, तेव्हा आमच्या शेतांची माहिती सरकारदरबारी होतीच. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकारणी, कुळाचे नाव, सगळे होते. माहिती नव्हती म्हणून जमिनी गेल्या नाहीत; माहिती व्यवस्थित होती, म्हणून कार्यालयात बसून त्या आखून घेता आल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्यावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, तेव्हा कुठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या योजनेची वाट मोकळी झाली. या इतिहासामुळे आमच्याकडे नकाशा घेऊन कोणी आले की आधी विचारले जाते, हा कशासाठी? तुमच्या उत्तरात अभ्यास हा शब्द असेल, तर त्या अभ्यासाचा मालक कोण, हेही सांगावे लागेल.

नोंद झालीच नाही अशा गोष्टी आहेत. उघाडी कोण सांभाळत असे, तिच्या तोंडाशी मासे धरण्याचा हक्क कोणाकडे होता, कोणत्या बांधावरून कोणत्या गावाची वाट जात होती, हे सातबाऱ्यावर नाही. ते सांगणारी माणसे आता मोजकी उरली आहेत. त्यांनी सांगावे की नाही आणि सांगितलेले कुठवर जावे, हा निर्णय गावाचा असेल तर मी स्वतः तुमच्याबरोबर हिंडायला तयार आहे.

जलमापक (वाशी)

राताभात यांच्या उघाडीवरून एक जोड सुचली. नवी मुंबईचे सखल नोड, म्हणजे आखून वसवलेले विभाग, खारभूमीवर भराव घालून उभारले गेले आणि पावसाचे पाणी साठवण्यासाठी त्यांत धारण तलाव ठेवण्यात आले. या तलावांच्या खाडीकडील तोंडांवर झडपा असतात. भरतीचे पाणी बाहेरून दाबले की त्या मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी त्या ढकलून खाडीत जाते. म्हणजे उघाडीचे तत्त्व तसेच राहिले. ती सांभाळणारा गावकरी गेला आणि त्या जागी कंत्राट आले. पुढे या तलावांत गाळ साचला, गाळावर कांदळवन उगवले, आणि कांदळवनाला न्यायालयाच्या आदेशांचे संरक्षण असल्यामुळे गाळ काढण्याचा प्रश्न अडला. शहराची पूरव्यवस्था आणि परिसंस्था एकाच तळ्यात समोरासमोर आल्या आहेत. जुन्या उघाड्या आणि आजच्या झडपा एकाच थरावर दाखवल्या, तर या शहराचा पर्यावरणीय इतिहास एका नजरेत येईल. असा नकाशा अभियंत्यांनाही हवा आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

पानोपान (नौपाडा)

मराठीत या दिशेचे मोठे काम आधीच झालेले आहे आणि ते विसरून आपण परदेशी नमुन्यांकडे पाहू नये. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल या संगणकीय संगीतशास्त्रज्ञांनी त्यांचा विदासंच (डेटाबेस) उभा करण्यात मोठा वाटा उचलला. २०१७ पासून हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत आहे. तेथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि शक्य तेथे छायाचित्र असते. लोकगीत म्हणजे कर्ता नसलेले गीत, हा समज त्या एका निर्णयाने मोडीत निघतो. राताभात यांनी मालकीचा प्रश्न काढला आहे, त्याला हे अर्धे उत्तर आहे.

उरलेले अर्धे उत्तर ऑस्ट्रेलियातून घ्यावे लागेल. तेथील वारुमुंगू समाजाबरोबर काम करताना मुकुर्तू नावाची संग्रहप्रणाली तयार झाली. तीत एखादी नोंद कोणी पाहावी, हे तो समाज आपल्या रिवाजाप्रमाणे ठरवतो: काही गोष्टी फक्त स्त्रियांसाठी, काही विशिष्ट कुळांसाठी, काही दिवंगत व्यक्तींच्या बाबतीतल्या संकेतांनुसार झाकलेल्या. आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारिणींचे गाणे ध्वनिमुद्रित करायचे झाले, तर सगळे काही सर्वांसाठी खुले, हे इंटरनेटवरचे आवडते सूत्र येथे लागू पडेलच असे नाही. धवल्याला प्रसंग असतो. तो प्रसंगाबाहेर ऐकवावा का, हे धवलारिणीलाच विचारावे.

दस्तऐवजांविषयी थोडे. जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा भाग १८८२ चा आहे आणि तो इंटरनेटवर उपलब्ध आहे. त्यात खारजमिनी, मिठागरे आणि शिलोत्री या धारणापद्धतीच्या जमिनींविषयी भरपूर मजकूर आहे. पण तो रोमन लिपीत आहे आणि दीर्घ स्वरांवर खुणा दिलेल्या असल्याने यंत्रवाचनात गावांची नावे हमखास बिघडतात. ती हाताने दुरुस्त करून देवनागरीत आणणे, हे कंटाळवाणे पण अत्यंत मोलाचे काम आहे. ते कोणाच्याही अंगणात न शिरता करता येते, म्हणून सुरुवात तेथून व्हावी असे मला वाटते. नाहीशा झालेल्या जागांची नावे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर मात्र घालू नयेत, कारण तेथे आज जमिनीवर असलेल्याच गोष्टी दाखवण्याचा दंडक आहे. गतकाळासाठी ओपनहिस्टॉरिकलमॅप हा वेगळा प्रकल्प आहे, तेथे प्रत्येक वस्तूला सुरुवातीचा आणि शेवटचा काळ देता येतो.

पाणटिवळा (नेरूळ)

पक्ष्यांच्या थराबाबत सावधगिरीचा इशारा देतो. ईबर्ड आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांमुळे सामान्य माणसाच्या नोंदींना शास्त्रात जागा मिळाली, हे खरेच मोठे काम आहे. पण नेमके ठिकाण जाहीर झाल्यावर दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यांची गर्दी होते, हेही आपण नेरूळला पाहिले आहे. आयनॅचरलिस्टवर धोक्यातील प्रजातीची नोंद आपोआप धूसर केली जाते, म्हणजे खरे ठिकाण लपवून ०.२ अंशांच्या चौकटीत कोठेतरी टिंब दिले जाते. ही चौकट जवळजवळ २२ किलोमीटरची असते. ठाण्याच्या खाडीसाठी तिचा अर्थ असा, की कोपरखैरण्याचा पक्षी मुंब्र्याच्या डोंगरावर दिसू शकतो. संरक्षणासाठी हे योग्य आहे, पण अशा नोंदी नकळत आपल्या बारीक नकाशात घेतल्या तर नकाशा चुकेल.

आणखी एक. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने येथील सहा रोहित पक्ष्यांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली. त्यांपैकी हुमायून नावाचा पक्षी गुजरातेत जाऊन पुन्हा खाडीत परतल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. त्या पक्ष्याच्या दृष्टीने भावनगरचा किनारा आणि ऐरोलीचा चिखल हे एकाच घराचे दोन भाग आहेत. स्थानिक असे म्हणताना आपण कोणाचे स्थान धरतो, याचा विचार संग्रहाच्या सीमा आखताना व्हावा. माझे मत असे आहे की पहिल्या टप्प्यात पक्ष्यांचा थर घेऊच नये.

संशयात्मा (कोपरी)

सर्वांचे प्रतिसाद वाचले. ज्या वस्तूवर हे सगळे ठेवायचे तिचा उल्लेख कोणीच केलेला नाही. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे येथे डेटा सेंटरे उभी राहिली आहेत आणि आणखी उभी राहत आहेत. क्लाउड या नावाने आपण ज्याला ओळखतो तो पारसिकच्या डोंगराखालीच आहे. त्याला वीज लागते, थंड ठेवावे लागते आणि वीज गेली तर चालवायला डिझेल जाळावे लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. आपल्या छोट्या संग्रहाचा त्यातला वाटा नगण्य असेल, हे मान्य. पण खाडीच्या पर्यावरणाविषयी बोलणाऱ्या प्रकल्पाने आपले स्वतःचे पाऊल कोठे पडते हे न सांगणे मला शोभणारे वाटत नाही.

त्याहून व्यावहारिक शंका अशी की अनुदान संपले, उत्साही मंडळी पांगली, की असे संग्रह दोन-चार वर्षांत बंद पडतात. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे. तुमचे संकेतस्थळ किती वर्षे चालेल? कागदावर छापलेला एक चांगला नकाशा आणि त्याबरोबर एक पुस्तिका, एवढेच का करू नये?

चित्रफीत (सी.बी.डी. बेलापूर)

कलेच्या बाजूने थोडे लिहितो. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर २००९ साली अनुराधा माथुर आणि दिलीप द कुन्हा यांनी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात एक प्रदर्शन मांडले. मुंबईकडे जमीन आणि पाणी यांच्या रेषेने तोडलेले बेट म्हणून पाहू नये, खाडीमुखाचा प्रदेश म्हणून पाहावे, हा त्याचा गाभा होता. वरून पाहिलेल्या नकाशाऐवजी त्यांनी उभ्या छेदांवर भर दिला. छेदात पाणी किती चढते हे दिसते आणि रेषेचा हट्ट आपोआप सुटतो. आपल्या संग्रहातही पारसिकच्या माथ्यापासून खाडीच्या तळापर्यंतचे आडवे-उभे छेद असावेत: डोंगर, पाडा, खाण, औद्योगिक पट्टा, रेल्वे, नोड, धारण तलाव, कांदळवन, चिखल. हा एक छेद दहा थरांच्या नकाशापेक्षा शाळेतल्या मुलांना लवकर समजेल.

संशयात्मा यांच्या वीजेच्या मुद्द्यावर मी असे म्हणेन की माध्यमाची मर्यादा कलेच्या पथ्यावर पडते. संग्रहाचा ध्वनिविभाग भरतीप्रमाणे उघडावा आणि मिटावा, अशी माझी कल्पना आहे. अपोलो बंदराची भरतीची कोष्टके आधीच उपलब्ध असतात, त्यामुळे त्यासाठी फार मोठे यंत्रणाजाल लागत नाही. उधाणाच्या ओहोटीला मुद्रित केलेले आवाज उधाणाच्या ओहोटीलाच ऐकू यावेत. ऐकणाऱ्याला थोडी गैरसोय होईल. ती व्हावी.

संशयात्मा (कोपरी)

गैरसोयीची कल्पना मला आवडली, हे नोंदवून ठेवतो. माझा पुस्तिकेचा आग्रह मात्र कायम आहे.

खाडीकाठ (ऐरोली)

सर्वांचे आभार. आमच्या गटाची बैठक झाली. तेथे या धाग्यावरील प्रतिसाद वाचून दाखवले आणि आमची योजना बरीच बदलली.

पक्ष्यांचा थर पहिल्या टप्प्यातून काढला आहे. या निर्णयावर आमच्यातील पक्षिनिरीक्षक नाराज आहेत. लपवलेल्या नोंदींचा प्रश्न त्यांना मान्य आहे, पण खाडीचा संग्रह रोहितांशिवाय करणे त्यांना विचित्र वाटते. पाणटिवळा यांनी त्यांच्याशी येथेच वाद घालावा. पहिला थर उघाड्यांचा आणि झडपांचा असेल. त्याचे कारण असे की उघाडी हे एकच ठिकाण असे दिसते जेथे शेती, मासेमारी, पूर, कायदा आणि भरतीची वेळ हे सगळे एकत्र येते, आणि जेथे जलमापक व राताभात या दोघांनाही सांगण्यासारखे काही आहे. गॅझेटियरच्या देवनागरीकरणाचे काम त्याला समांतर चालेल.

तंत्राच्या बाबतीत साधी, स्थिर पाने करायची ठरवली आहेत, ज्यांना मागे विदागार चालवावे लागत नाही आणि जी एका पेनड्राइव्हवर घेऊन गावातल्या वाचनालयाच्या संगणकावर इंटरनेटशिवाय उघडता येतात. प्रती अनेक ठिकाणी असल्या की एखादे ठिकाण बंद पडल्याने संग्रह बुडत नाही. स्टॅनफर्डमधील ग्रंथपालांनी १९९९ पासून डिजिटल नियतकालिके याच तत्त्वावर जपली आहेत. संशयात्मा यांची पुस्तिका हीसुद्धा त्यातली एक प्रत समजू. पण संग्रह केवळ कागदावर ठेवायला माझा विरोध आहे. छापलेल्या नकाशात पुन्हा एकच भरती गोठते, आणि चूक सापडली तर ती पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहते.

मालकीविषयी आमचा प्रस्ताव असा: मुलाखतीचे मूळ ध्वनिमुद्रण ज्या गावात झाले त्या गावाने नेमलेल्या मंडळींकडे राहील, आमच्याकडे त्याची प्रत असेल, आणि कोणतीही नोंद मागे घेण्याचा अधिकार सांगणाऱ्याला व त्याच्या कुटुंबाला असेल. राताभात, हे पुरेसे आहे का?

राताभात (घणसोली)

पुरेसे नाही, पण बोलणी सुरू करण्याजोगे आहे. दोन गोष्टी वाढवाव्यात. हा नकाशा कोणत्याही भूसंपादनाच्या, विकासहक्कांच्या किंवा हद्दीच्या प्रकरणात पुरावा म्हणून पुढे आला, तर गटाची भूमिका काय राहील, हे आधीच लेखी ठरवावे. माझ्या मते गावाची बाजू मांडायची असेल तेव्हा तो वापरता यावा. उलट बाजूने वापर होणार असेल तर निदान गावाला त्याची आगाऊ कल्पना मिळावी. दुसरे, मुलाखती घेणाऱ्यांत गावातली मुले-मुली असावीत आणि त्यांना कामाचे पैसे मिळावेत. आमच्या पोरांनी हौस म्हणून फिरायचे आणि प्रबंध दुसऱ्याच्या नावावर निघायचा, हे यापूर्वी पाहून झाले आहे.

पानोपान (नौपाडा)

राताभात यांची पहिली अट कायद्याच्या जाणकाराकडून नीट शब्दांत बसवून घ्यावी लागेल. खुला परवाना दिला की वापरावर अशी अट घालता येत नाही, त्यामुळे ओपनहिस्टॉरिकलमॅपसारख्या खुल्या प्रकल्पात काय जाईल आणि आपल्यापाशी काय राहील, याची विभागणी नोंद घेतानाच करावी, नंतर करता येणार नाही. जैवविविधता कायदा, २००२ खालील लोक जैवविविधता नोंदवह्यांचा अनुभवही पाहावा. तेथेही लोकांकडील ज्ञान लिहून घेताना ते कोणासाठी खुले ठेवायचे, हा पेच आहेच.

आलेख (ठाणे पश्चिम)

कामाचा एक प्रश्न, जलमापक आणि खाडीकाठच्या भूमापकांना उद्देशून. जुन्या गावनकाशांवर बांध वेगळ्या खुणेने दाखवलेले असतात का, आणि उघाडीला स्वतंत्र चिन्ह असे का? असल्यास मी कोरोना प्रतिमांवर आधी तीच ठिकाणे शोधेन, म्हणजे राताभात यांच्याबरोबर फिरताना आपल्या हातात काहीतरी असेल. नसल्यास उलट क्रमाने जावे लागेल: आधी माणसांनी जागा दाखवायची, मग ती प्रतिमेत शोधायची. फिरायला जाताना उधाणाची ओहोटी धरावी आणि पहाटेची वेळ निवडावी, संध्याकाळी चिखलातून परतताना अंधार होतो.